उघड्या टपाची जुनी स्पोर्ट्‌स कार : निवड आणि वापर

कापडी टप मागे दुमडून ठेवता येतो अशी, दोनच आसनांची, वजनाने हलकी आणि वळणांवर चपळ असणारी मोटार रोडस्टर या नावाने ओळखली जाते. 1960च्या दशकात एमजी, ट्रायम्फ आणि लोटस या ब्रिटिश कंपन्यांनी हा प्रकार लोकप्रिय केला. परंतु 1980 साली अ‍ॅबिंग्डन येथील एमजीचा कारखाना बंद झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत परवडणारी रोडस्टर बाजारातून जवळजवळ नाहीशी झाली. ही उणीव हेरून हिरोशिमाच्या माझ्दा कंपनीने फेब्रुवारी 1989मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात एमएक्स-5 ही मोटार सादर केली. एप्रिल 2016पर्यंत या मोटारीच्या दहा लाख प्रती तयार झाल्यामुळे ब्रिटनमध्ये तिच्या जुन्या गाड्या आणि सुटे भाग आजही सहज मिळतात. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तर उजव्या बाजूचे स्टीअरिंग आणि रस्त्याची डावी बाजू या दोन्ही गोष्टी परिचयाच्याच असतात. भारताच्या आयातधोरणाच्या सर्वसाधारण नियमानुसार तीन वर्षांहून जुनी वापरलेली मोटार देशात आणता येत नसल्याने पुढील विवेचन प्रामुख्याने ब्रिटनमधील खरेदीला लागू आहे.

या मोटारीच्या पहिल्या दोन पिढ्या, म्हणजे 1989 ते 1997 आणि 1998 ते 2005 या काळातील गाड्या, आज अल्प खर्चात रोडस्टर घेऊ पाहणाऱ्यांच्या विचारात प्रथम येतात. पहिल्या पिढीचे पुढचे दिवे बॉनेटमधून वर उघडतात, तर दुसऱ्या पिढीत ते स्थिर असून मागची खिडकी प्लास्टिकऐवजी काचेची आहे. इंजिन पुढे आणि गती मागच्या चाकांना, अशी दोन्हींची रचना असून वजनाचा भार पुढच्या व मागच्या चाकांवर जवळजवळ समान विभागलेला असतो. इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच यांची घडण साधी व टिकाऊ असल्याने त्यांची दुरुस्ती सामान्य गॅरेजमध्येही होऊ शकते. म्हणून खरेदीदाराने आपले लक्ष यंत्रापेक्षा पत्र्यावर अधिक केंद्रित करणे शहाणपणाचे ठरते.

पत्रा सडण्याचे मुख्य कारण पाणी हे होय, आणि ते बहुतेकदा टपाच्या मार्गाने आत शिरते. टपावरून ओघळणारे पावसाचे पाणी आसनांच्या मागे असलेल्या दोन नळ्यांतून खाली वाहून जावे अशी योजना असते. परंतु या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी साचून सिलमध्ये झिरपते. सिल म्हणजे दाराच्या उंबरठ्याखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पत्र्याची पोकळ पेटी. उघड्या मोटारीला मजबुती देणारे पोलादी छप्पर नसल्यामुळे तिच्या सांगाड्याचा बराच भार ही पेटी पेलते. तिला गंज आतून लागत असल्याने वरचा रंग सुस्थितीत दिसत असूनही आतला पत्रा कुजलेला असू शकतो. मागच्या चाकाच्या लगेच पुढे असणारा सिलचा भाग बोटांनी दाबून पाहावा, तेथे रंगाला फुगवटे आहेत का ते न्याहाळावे आणि लोहचुंबक लावून पाहावा. चुंबक चिकटला नाही तर छिद्रे पुट्टीने बुजवून वर रंग दिला असण्याची शक्यता मोठी असते. आसनांमागील गालिचा ओला लागणे हीदेखील धोक्याची खूण आहे. दुसऱ्या पिढीत सांगाड्याच्या पुढच्या दांड्या दुहेरी पत्र्याच्या असल्याने त्यांच्या आत गंज दडून राहतो. तो दिसण्यासाठी मोटार रॅम्पवर चढवून खालून तपासणे अपरिहार्य आहे.

यंत्राच्या बाबतीत दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. इंजिनातील झडपांची उघडझाप योग्य क्षणी घडवून आणणारा टायमिंग बेल्ट सुमारे साठ हजार मैलांनी बदलावा लागतो, आणि तो बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे असायला हवे. साधारण 1991पर्यंतच्या 1.6 लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचे टोक आखूड असल्याने त्यावरील पुलीची पकड सैल होण्याचा दोष आढळतो. इंजिन चालू असताना पुली डुगडुगत असेल तर ती मोटार सोडून द्यावी.

कागदपत्रांच्या तपासणीत ब्रिटनमधील खरेदीदाराला एक मोठी सोय उपलब्ध आहे. तीन वर्षांहून जुन्या मोटारीला दरवर्षी एमओटी ही सुरक्षा-चाचणी द्यावी लागते, आणि इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील 2005पासूनचे तिचे निकाल नोंदणी क्रमांकावरून शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. त्यांत धावलेल्या मैलांची नोंद असतेच. शिवाय गंजाबद्दलचा इशारा वर्षानुवर्षे कसा वाढत गेला, हेही कळते. व्ही-5-सी हे नोंदणीपत्र मालकीचा पुरावा नसते, त्यामुळे मोटारीवर कर्ज बाकी नसल्याची खात्री स्वतंत्रपणे करून घ्यावी. लंडनमध्ये राहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की, 29 ऑगस्ट 2023पासून महानगराच्या सर्व बरोंमध्ये धूर-नियम न पाळणाऱ्या मोटारीला दररोज साडेबारा पौंड आकार पडतो, आणि पहिल्या पिढीच्या बहुसंख्य मोटारी त्याच्या कक्षेत येतात.

चालवण्याच्या दृष्टीने या मोटारीचे मर्म तिच्या हलकेपणात आहे. मात्र घसरणारी मोटार आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा या दोन्ही पिढ्यांतील बहुसंख्य मोटारींत नसल्याने चालकाला स्वतःचे भान राखावे लागते. ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय एकाएकी उचलला तर भार पुढे सरकतो, मागच्या चाकांची पकड सुटते आणि मोटार गर्रकन फिरू शकते. म्हणून ब्रेक वळणाआधी सरळ रस्त्यावर लावावा आणि वळणात अ‍ॅक्सिलरेटर हलक्या पायाने, स्थिर ठेवावा. हौसेच्या मोटारी कमी धावतात, त्यामुळे त्यांच्या टायरांची नक्षी कायद्याने ठरवलेल्या 1.6 मिलिमीटरपेक्षा बरीच खोल असूनही रबर कडक झालेले असते. टायरच्या बाजूवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन निर्मितीचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष दर्शवतात, ते अवश्य वाचावेत. टप मोटार थांबवूनच उघडावा, आणि खिडकी प्लास्टिकची असल्यास तिची चेन आधी सोडावी, अन्यथा थंडीत कडक झालेले प्लास्टिक घडीवर तडकते. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या वर्षातून किमान एकदा, पानगळीनंतर, साफ कराव्यात.

सारांश, चकचकीत रंगाची पण सिल सडलेली मोटार स्वस्तातही महाग पडते, कारण वेल्डिंगचा खर्च मोटारीच्या किमतीलाही मागे टाकू शकतो. याउलट रंग फिका, आसने थोडी झिजलेली, पण पत्रा निकोप आणि बिले जपून ठेवलेली मोटार अनेक वर्षे समाधान देते. खरेदीदाराने पैसे मोजण्यापूर्वी ती एकदा रॅम्पवर चढवून जाणकार मेकॅनिककडून खालून तपासून घ्यावी, आणि विक्रेता त्यास नकार देत असेल तर तो व्यवहार तेथेच थांबवावा.