हरवलेल्या साध्या पदार्थाचा हिशोब

(गणेशोत्सवातील व्याख्यान)



महिनाअखेरीस जमाखर्च मांडावा आणि तिसरा हिस्सा कुठे गेला तेच कळू नये, अशी वेळ खगोलशास्त्रज्ञांवर आली होती.

कृष्ण पदार्थ, कृष्ण ऊर्जा ही नावं आपण वर्तमानपत्रांत वाचतो. तो प्रश्न वेगळा. आज आपण बोलणार आहोत ते साध्या पदार्थाबद्दल. शिप्रेचं पाणी, सराफ्यातली जिलबी आणि ती खाणारे आपण, सगळे ज्या अणूंचे बनलो तो हा पदार्थ. विश्वात त्याचा वाटा जेमतेम ५ टक्के. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत घडलेल्या हलक्या मूलद्रव्यांवरून हा आकडा निघतो, आणि पुढे उरलेल्या मंद सूक्ष्मतरंगी प्रारणावरूनही तोच निघतो. दोन स्वतंत्र वह्या जुळल्या. पण आपल्या आसपासच्या विश्वातले तारे, दीर्घिका आणि वायू मोजले, तर बेरीज कमी भरे. रात्री विमानातून दिवे मोजून इंदूरची वस्ती ठरवावी, तसंच ते.

उरलेला पदार्थ कुठे असावा? दीर्घिका आकाशात विखुरलेल्या नाहीत, त्यांचं जाळं आहे. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील शास्त्रज्ञांनी सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एक महासमूह शोधला. त्यात दीर्घिकांचे निदान ४३ समूह आहेत. नाव ठेवलं सरस्वती. गुप्त नदीचं नाव द्यायला याहून चांगली जागा आम्हाला तरी सुचत नाही, कारण अशा जाळ्याच्या धाग्यांतच तो पदार्थ वायुरूपाने दडलेला असावा, असं गणित सांगत होतं. वायू लाखो अंश तापलेला, पण इतका विरळ की घनमीटरभर जागेत जेमतेम दहा कण.

एवढा तापलेला वायू क्ष-किरणांतच दिसतो, आणि ते किरण आपलं वातावरण अडवतं. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागते. साध्या आरशावर समोरून पडले तर हे किरण परतत नाहीत. पाण्यावर तिरपी भिरकावलेली चकती उडते, तसे ते अगदी निसटत्या कोनातच परावर्तित होतात. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवरच्या क्ष-किरण दुर्बिणीत सोन्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचे आरसे आहेत. ती मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडली. मात्र स्पष्ट सांगायला हवं, इतका विरळ वायू टिपणं तिच्या आवाक्यातलं नव्हे.

ते काम युरोपच्या एक्सएमएम-न्यूटनने केलं. युक्ती सुंदर होती. वायूची चमक शोधण्याऐवजी सावली शोधायची. अतिदूरच्या एका तेजस्वी क्वेझारकडे २०१५ ते २०१७ या काळात मिळून सुमारे १८ दिवस दुर्बीण रोखली. वाटेतल्या वायूतल्या हायड्रोजनने आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावलेला, त्यामुळे त्याची खूणच उमटत नाही. ऑक्सिजनचे मात्र आठातले सहा गेले तरी दोन उरतात, आणि ते ठरावीक क्ष-किरण गिळतात. वर्णपटात अशा दोन रेषा सापडल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं.

पुढच्या वर्षी शंका निघाली. त्यातली एक रेषा वाटेतल्या धाग्याची नसून क्वेझारच्याच शेजारची असावी, असं दुसऱ्या गटाने दाखवलं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रेडिओ दुर्बिणीने क्षणिक रेडिओ-स्फोटांवरून एकूण बेरीज जुळवली, पण माल कुठल्या खोलीत किती, हे त्यातून कळत नाही. २०२५ मध्ये जपानच्या सुझाकू आणि एक्सएमएम-न्यूटनच्या निरीक्षणांतून चार समूहांना जोडणारा २ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं लांबीचा धागा थेट मोजला गेला. त्यात आपल्या आकाशगंगेच्या दहापट वस्तुमान आहे. त्यासाठी मधल्या कृष्णविवरांचे क्ष-किरण एकेक करून वजा करावे लागले. तांदूळ निवडण्याचंच काम ते.

हिशोब बंद झाला असं आम्हाला वाटत नाही. एक धागा नीट मोजला, असे असंख्य बाकी आहेत. आपल्या सिमरोळच्या आयआयटीत खगोलशास्त्राचा विभाग आहे, आणि कॅटमध्ये इंडस-२ च्या १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण तयार होतात. मुलांनी विचारलं तर निदान एवढं तरी सांगता येईल, की हे किरण आपल्या गावातही बनतात.