आधी नेमणुकीचा आदेश वाचा

विधी शाखेच्या नव्या पदवीधरांनो,

आरोपी सुटला की गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला!’ उद्या तुम्ही काळा कोट चढवलात की याचा जाब लोक तुम्हालाच विचारतील. उत्तर तयार असावं म्हणून अमेरिकेतलं एक ताजं प्रकरण सांगतो.

एफबीआयचे माजी संचालक जेम्स कोमी यांनी ३० सप्टेंबर २०२० रोजी सिनेटच्या समितीपुढे खोटी साक्ष दिली, असा आरोप होता. खटला भरायची मुदत पाच वर्षांची. ती संपायला पाच दिवस उरले असताना व्हर्जिनियाच्या पूर्व जिल्ह्यात आरोपपत्र दाखल झालं. आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, म्हणजे ग्रँड ज्युरीपुढे, ते मांडलं एकट्या लिंडसी हॅलिगन यांनी आणि त्यावर सहीही एकट्या त्यांचीच. सरकारी वकिलाच्या खुर्चीत बसून त्यांना आठवडाही झाला नव्हता.

बचाव पक्षाने विचारलं, यांना नेमलं कोणत्या अधिकाराने? तिथल्या कायद्यानुसार ॲटर्नी जनरलना १२० दिवसांसाठी हंगामी वकील नेमता येतो. पुढची नेमणूक जिल्हा न्यायालयाकडे जाते. ते १२० दिवस आधीच्या हंगामी वकिलाच्या काळातच संपले होते. माणूस बदलला म्हणून मुदत नव्याने सुरू होत नाही, असा निर्णय न्यायाधीश कॅमरॉन करी यांनी २४ नोव्हेंबर २०२५ रोजी दिला. कोमी यांच्याबरोबर न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांच्यावर हॅलिगन यांनीच दाखल केलेलं आरोपपत्रही रद्द झालं. मागाहून पूर्वलक्षी आदेश काढून नेमणूक सावरायचा सरकारचा प्रयत्नही टिकला नाही. तसं चालू दिलं, तर रस्त्यावरच्या कुणालाही ग्रँड ज्युरीपुढे उभं करावं आणि मंजुरी नंतर द्यावी, असंच होईल.

मग आरोपी निर्दोष ठरले का? नाही. नव्याने आरोप ठेवण्याची मुभा ठेवूनच खटले रद्द झाले. डिसेंबरमध्ये सरकार लेटिशिया जेम्स यांच्याविरुद्ध दोनदा ग्रँड ज्युरीकडे गेलं. दोन्ही वेळा नकार मिळाला. कोमींची अडचण वेगळी, तिथे मुदतच उलटून गेली आहे. आरोपपत्र रद्द झाल्यास सहा महिन्यांची सवलत देणारं कलम आहे. पण मुळातच अवैध असलेल्या आरोपपत्राने मुदत थांबत नाही, असं न्यायाधीशांनी तळटीपेत सुचवलं. सरकारने अपील केलं. दोष एकच, परिणाम मात्र एकीसाठी विलंबाचा आणि दुसऱ्यासाठी कदाचित कायमचा.

आपल्याकडे अशा दोषाने सगळंच कोसळत नाही. जयललिता यांच्या अपिलात तामिळनाडू सरकारने नेमलेले विशेष सरकारी वकील कर्नाटक उच्च न्यायालयात उभे राहिले. खटला कर्नाटकात वर्ग झाला असल्याने नेमणुकीचा अधिकार कर्नाटकाचा, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१५ मध्ये ती नेमणूक बेकायदा ठरवली. तरी सुनावणी पुन्हा घ्यायला लावली नाही. कर्नाटकाचं लेखी म्हणणं विचारात घ्या, एवढंच सांगितलं. त्याआधी १९८१ मध्ये, गोकराजू रंगराजू प्रकरणात, नेमणूक रद्द झालेल्या न्यायाधीशांचे निकालही कायम राहिले होते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४६५ ची कसोटी नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे: चुकीमुळे न्यायाची हानी झाली का?

हा फरक नीट समजून घ्या. बंगळुरूत वकील चुकीचा होता, पण दोन्ही बाजू ऐकून निर्णय देणारं न्यायालय वैध होतं. व्हर्जिनियात ग्रँड ज्युरीच्या बंद खोलीत सरकारच्या वतीने बोलणारी एकमेव व्यक्तीच अधिकाराविना होती. अवैध हात किती खोलवर पोचला, यावर उपाय ठरतो.

तुमच्यातले काही सरकारी वकील होतील. कोर्टात उभं राहण्याआधी स्वतःच्या नेमणुकीचा आदेश वाचा: सही कोणाची, कलम कोणतं, मुदत किती. जे बचावाला उभे राहतील त्यांनी आरोपपत्राआधी तोच कागद मागावा. आणि कुणी ‘तांत्रिक मुद्दा’ म्हणून हिणवलं, तर शांतपणे सांगा: माणसाला तुरुंगात धाडण्याची ताकद ज्याच्या हाती आहे, त्याला ती कुणी दिली हे विचारणं हा नागरिकाचा पहिला हक्क आहे. तो हक्क तुमच्या अशिलाला न मागता मिळवून द्या.