खुर्चीत बसून मिळालेले गुण

(संगमनेर येथील अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, आभारी आहे. पुण्या-नाशिकचे लोक संगमनेरला एरवी चहापुरते थांबतात. तुम्ही त्यांना मुक्कामाला थांबवलंत, त्याबद्दल संयोजकांचे जास्त आभार. हे गाव शाहीर अनंत फंदींचं. त्यांनी फटके लिहिले. आज दोन-चार फटके माझ्याकडून बसले, तर प्रवरेच्या पाण्याचा गुण समजून सोडून द्या.

विषय दिलाय 'वर्तन-उपचार क्षेत्रातील व्यावसायिक विकास : आढावा आणि दिशा'. आढावा उरकते.

१९६८ साली अमेरिकेत बेअर, वुल्फ आणि रिस्ले या तिघांनी एक लेख लिहून उपयोजित वर्तन-विश्लेषणाची, म्हणजे आपण ज्याला एबीए म्हणतो त्याची, चौकट आखली. आपल्याकडे ते नाव उशिरा आलं, काम आधीच आलं होतं. सिकंदराबादच्या मानसिक विकलांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेने १९९२ मध्ये रीता पेशावरिया आणि एस. वेंकटेशन यांचं शिक्षकांसाठीचं वर्तन-पद्धतीवरचं पुस्तक काढलं. त्या पुस्तकाच्या झेरॉक्सची झेरॉक्स वापरून आमची पिढी शिकली. त्याच वर्षी भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे सात प्रकार एकवीसवर नेले, आणि त्याच वर्षी 'आयसा' ही चाळीस मुद्द्यांची श्रेणी स्वमग्नतेच्या प्रमाणपत्रासाठी लागू झाली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक शाळेत विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. प्रत्यक्षात एका कंत्राटी शिक्षकाच्या गळ्यात किती शाळा आहेत, ते मधल्या सुट्टीत शेवटच्या रांगेतल्यांना विचारा.

झाला आढावा. आता जे बरीच वर्षं पोटात ठेवलंय ते बोलते.

आपल्या शास्त्राची शिकवण साधी आहे. जे दिसतं आणि मोजता येतं, त्यावर बोला. मूल 'हट्टी' आहे असं लिहिलेलं आपण चालवून घेत नाही. किती वेळा आपटलं, त्याआधी काय झालं, नंतर काय मिळालं ते लिही, असं नव्या मुलीला बजावतो. आणि हेच आपण, आपलं स्वतःचं शिक्षण कशावर मोजतो? हजेरीपत्रकावरच्या सहीवर! पुनर्वास परिषदेची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत शंभर सीआरई गुण, म्हणजे सतत शिकत राहिल्याचे गुण, लागतात. ते खुर्चीत बसून मिळतात. करोनानंतर तर घरच्या खुर्चीत बसूनही मिळायला लागले. कॅमेरा बंद ठेवून, कुकरच्या शिट्ट्या मोजत गुण मिळवलेले लोक या सभागृहात आहेत. हात वर करायला सांगत नाही.

शंभर गुण मिळवलेल्या माणसाला मुलासोबत काम करताना कुणी पाहिलंय का, हे मात्र कोणी विचारत नाही. शाळेतल्या खिचडीचीसुद्धा रोज कोणीतरी चव घेतं आणि वहीत सही करतं. आपल्या सेशनची चव घेणारं कोण आहे?

काल संध्याकाळच्या परिसंवादात वाद रंगला की परदेशी प्रमाणपत्र मोठं की आपल्या परिषदेचा नंबर. दोन्हीकडची मंडळी तावातावाने बोलली. वस्तुस्थिती अशी की वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाने २०१९ मध्येच जाहीर केलं होतं आणि १ जानेवारी २०२३ पासून आपल्यासारख्या देशांतले नवे अर्ज घेणं बंद केलं. इकडे आपल्या परिषदेच्या यादीत व्यावसायिकांचे सोळा प्रकार आहेत, त्यांत वर्तन-विश्लेषक नाही. तिकडचं दार बंद आणि परिषदेकडे दारच नाही. मग तिसऱ्याच कुठल्या तरी संस्थेचं प्रमाणपत्र पैसे भरून घ्यायचं आणि लॅमिनेट करून भिंतीवर लावायचं.

अशाच एका केंद्रात मी गेले होते. नाव-गाव सांगत नाही. भिंत प्रमाणपत्रांनी भरलेली, शिकवणारी मुलगी हुशार, मायाळू, इंग्रजी उत्तम. चार वर्षांच्या मुलाला ती दोन चित्रांतलं कुत्र्याचं चित्र ओळखायला शिकवत होती. डेटा शीटवर ऐंशी टक्के बरोबर. मी मागे सतरंजीवर बसले आणि दहा मिनिटांत लक्षात आलं की मूल चित्राकडे बघतच नाहीये. तिच्या डाव्या हातात बिस्किट होतं, आणि जे चित्र बरोबर त्या बाजूला तो हात नकळत सरकत होता. मूल हाताच्या मागे जात होतं. ती कुत्रा शिकवत होती, मूल बिस्किट शिकत होतं. मी तिला हात मागे ठेवायला सांगितला, आणि ऐंशीचे पन्नास झाले. दोन चित्रांतून एक उचलायचं असेल तर पन्नास म्हणजे काहीच येत नाही, हे तिला समजावून सांगावं लागलं नाही. ती रडवेली झाली. म्हणाली, "मॅडम, मला इतक्या दिवसांत कोणी हे सांगितलंच नाही." सांगणार कोण? प्रमाणपत्रांवर सह्या करणारे सगळे दुसऱ्या शहरांत, काही दुसऱ्या देशांत. त्यांच्यापैकी एकानेही तिचा डावा हात पाहिलेला नव्हता.

म्हणून परदेशी की देशी, या वादात मला रस नाही. पण अमेरिकेच्या त्या मंडळाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे, आणि आपण नेमकी तीच घेतली नाही. त्यांच्याकडचा सगळ्यात खालच्या पायरीवरचा तंत्रज्ञ, चाळीस तासांचं प्रशिक्षण घेतलेला, महिन्याभरात जितके तास काम करतो त्याच्या निदान पाच टक्के वेळ त्याच्यावर देखरेख असावी लागते, आणि त्यात कोणीतरी त्याला मुलासोबत काम करताना बघावं लागतं. आपण ते चाळीस तास उचलले, पाच टक्के तिथेच सोडून आलो.

मला शिकवलं ते एका बाईंनी. त्या कधी अधिवेशनाला गेल्या नाहीत, त्यांचं कुठे नाव छापून आलं नाही, आणि आता त्या नाहीत. दर शुक्रवारी त्या माझ्या वर्गात मागे पाटावर बसायच्या, मांडीवर दोनशे पानी वही. मी मुलाला एखादी गोष्ट सांगितली की एक रेघ. मुलाने केली की त्या रेघेवर टिंब. तास संपला की वही माझ्यापुढे धरायच्या. रेघा भरपूर, टिंबं तुरळक. "तू बोलतेस फार," एवढंच म्हणायच्या. "एकदा सांग आणि मनातल्या मनात पाच म्हण." पुढच्या शुक्रवारी पुन्हा पाट, पुन्हा वही. बाईंनी मला एकही व्याख्यान दिलं नाही. ज्याला आज इंग्रजीत मोठं नाव आहे तेच त्या करत होत्या : सांगायचं, करून दाखवायचं, करून घ्यायचं, आणि तिथल्या तिथे चुकलं-जमलं सांगायचं. कर्मचाऱ्यांना शिकवण्याची हीच पद्धत टिकते, नुसत्या व्याख्यानाने हाताची सवय बदलत नाही, हे आपल्याच शास्त्रातल्या लोकांनी दाखवून दिलंय. आपली कार्यशाळा पहिल्या पायरीवर संपते आणि जेवणाची रांग लागते.

१९७७ साली स्टोक्स आणि बेअर यांनी लिहिलं होतं की मुलाला एका ठिकाणी शिकवायचं आणि दुसरीकडे ते आपोआप उतरेल अशी आशा करत बसायचं, हीच आपल्याकडची सर्रास पद्धत आहे. मुलांच्या बाबतीत आपण ते वाचलं, परीक्षेत लिहिलं. शिक्षकांच्या बाबतीत आजही आशेवरच चाललंय.

दुसरा वाद तासांचा. आठवड्याला चाळीस तास पाहिजेत की दहाही चालतील? लोवास यांच्या स्वमग्न मुलांवरच्या १९८७ च्या अभ्यासातले चाळीस तास आपल्या डोक्यात घट्ट बसलेत. त्या चाळीस तासांच्या गटात मुलं होती एकोणीस. अकोले तालुक्याच्या आतल्या गावातून येणाऱ्या आईला हा आकडा सांगून बघा! ती आधी एसटीच्या वेळा सांगेल. कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड जोडप्याचा मुलगा माझ्याकडे आला होता. न बोलणारा, तहान लागली की डोकं आपटणारा. पहाटे फडावर गेलेले आईबाप दुपारी कोपीवर यायचे, तेव्हा बाप त्याला खांद्यावर घेऊन यायचा. तास कसले मोजता? आम्ही बापाला एकच गोष्ट शिकवली : पोरगं आपटायच्या आत त्याच्या हाताशी रिकामा तांब्या ठेवायचा, आणि त्याने तो पुढे केला की लगेच पाणी द्यायचं, एक क्षणही उशीर नाही. ते मी त्याला सांगितलं नाही. कोपीवर जाऊन त्याच्याकडून करून घेतलं आणि तो करत असताना बघत बसले. हंगाम संपला, ट्रक भरला, पोरगं गेलं. तिकडे त्याला कोणाच्या हवाली करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. नोंदणीकृत माणसं तिकडेही असतील. पण ज्याचं काम मी पाहिलं नाही आणि ज्याने माझं पाहिलं नाही, त्याला मी फोनवर काय सांगणार?

तिसरा वाद नाजूक आहे. मोठी झालेली स्वमग्न माणसं आता स्वतः बोलतायत, आणि त्यांतली बरीच म्हणतात की या उपचारांनी आम्हाला मोडलं. आपल्यातल्या काहींना ते ऐकायला आवडत नाही. पण १९६५ मध्ये 'लाइफ' मासिकाने लोवास यांच्या वर्गातल्या थपडांची छायाचित्रं छापली होती, त्या काळात विजेचे झटकेही दिले गेले, हा इतिहास आपलाच आहे. 'ते जुनं झालं' असं काल एक तरुण मित्र म्हणाले. मी अलीकडेच एका ठिकाणी पाहिलंय : सात वर्षांच्या मुलीची हनुवटी धरून तोंड वळवणं चाललेलं, "इकडे बघ, इकडे बघ". मुलगी डोळे मिटून घेत होती. करणारी ताई दुष्ट नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की नजरेला नजर आली पाहिजे, आणि दार बंद होतं. आपल्या धंद्यातला क्रूरपणा बहुतेक वेळा असाच असतो, बंद दाराआडचा आणि चांगल्या हेतूचा. नीतिमत्तेवर ऑनलाइन प्रश्नपत्रिका सोडवून तो थांबत नाही. "अगं, तिचे डोळे बघ, मिटलेत," असं म्हणणारं दुसरं माणूस खोलीत लागतं.

हे दुसरं माणूस पदवीधरच लागतं असंही नाही. इथल्याच एका बिडी वळणाऱ्या घरातली गोष्ट. नातू संध्याकाळी सूप उलटं करायचा, तंबाखू सगळीकडे. तपासायला गेलेल्या आमच्या माणसाने लिहिलं : कारण अस्पष्ट. आजी कोपऱ्यातून म्हणाली, "त्याला बिडीचा राग न्हाई. जुड्या मोजाया लागलो की समद्यांच्या माना खाली जात्यात, त्याच्याकडं कुणी बघत न्हाई, तवा करतोय." लक्ष मिळवण्यासाठीचं वर्तन, त्याआधीचा प्रसंग, सगळं दोन वाक्यांत. पदर ओढून बोलवायला त्याला शिकवलं आणि पदर ओढला की मोजणी थांबवून त्याच्याकडे बघायचं ठरलं. कार आणि डुरँड यांनी १९८५ मध्ये याच मार्गाने वर्गातली आदळआपट कमी करून दाखवली होती. आजीला ते ठाऊक असण्याचं कारण नाही. तिच्याकडे रोज बघण्याची सवय होती, आणि आपल्या माणसाकडे छापील फॉर्म होता.

मला माहीत आहे, मागच्या बाजूला कुजबुज सुरू झालीय. वेळ कुठाय, पगार किती, एका मुलीला तयार करावं तर वर्षात ती लग्न करून किंवा बँकेची परीक्षा देऊन निघून जाते. सगळं खरं आहे. केंद्रचालक म्हणतील की दोन माणसं एका खोलीत बसवली तर फी कोण देणार. मी त्यांना उलट विचारते : भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर वर्षाकाठी किती खर्च करता, तो आकडा इथे मोठ्याने सांगा.

आता संयोजकांनी सांगितलंय की अध्यक्षांनी पुढची दिशा द्यावी. थोडक्यात देते. आपापसात जोड्या लावायच्या. संगमनेर-अकोले, राहाता-कोपरगाव, जसं जमेल तसं. महिन्यातून एकदा एकमेकांच्या सेशनला मागे बसायचं, आईवडिलांना विचारून, मुलाचं नाव कुठेही न लिहिता. कसं बघायचं, काय लिहायचं, याची एक छोटी पुस्तिका मराठीत हवी. ती कोणी लिहायची हे ठरलेलं नाही, पण मराठीतच हवी. परिषदेकडे मागणी करायची की सीआरईच्या शंभर गुणांतले निदान काही गुण प्रत्यक्ष काम पाहून द्यावेत. त्या पत्राचा मसुदा कार्यकारिणीने करावा, सही मी करते. बाकी बारीकसारीक बसून ठरवू.

या अधिवेशनाचे गुण तुम्हाला मिळतील, काळजी करू नका, सह्यांचा कागद बाहेर टेबलावर आहे. त्याच्या शेजारी मी एक कोरी वही ठेवलीय. आपलं काम दुसऱ्याने येऊन बघावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्यात नाव, गाव आणि सोयीचा वार लिहावा. पहिलं नाव मी माझं लिहिलंय. वार मंगळवार, वेळ सकाळी साडेनऊ. या, बसा, आणि जे चुकलेलं दिसेल ते मला तोंडावर सांगा.