प्रवेशशुल्क की पणाचा पैसा?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



शुल्क घेऊन भरविलेल्या आणि रोख बक्षिसे देणाऱ्या मोबाईल खेळांच्या स्पर्धा जुगारात मोडतात काय, हा प्रश्न वरवर पाहता न्यायालयांचा वाटतो. वस्तुतः तो बेकार तरुणांच्या आणि कामगारवस्त्यांतील संसारांच्या हिताशी निगडित आहे.

ब्रिटिश अमदानीतील १८६७ च्या जुगारविषयक कायद्याने निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले. १९५७ साली मुंबई राज्य विरुद्ध चमरबागवाला या शब्दकोड्यांच्या खटल्यात, जुगार हा व्यापारच नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने दिला. मात्र कौशल्याच्या स्पर्धा वेगळ्या मानल्या. १९६८ साली रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरली. या आधारावरच गेमिंग कंपन्यांनी आपला डोलारा उभारला.

परंतु कौशल्य की नशीब, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. बक्षिसाचा पैसा येतो कोठून? जत्रेतील कुस्तीचे इनाम गावच्या वर्गणीतून येते. हरलेला मल्ल खिसा रिकामा करून परतत नाही. आता समजा, १०० जणांनी प्रत्येकी ५० रुपये भरले. जमलेल्या ५००० रुपयांपैकी ४००० बक्षिसांत गेले, १००० कंपनीने ठेवले. खेळाडू कितीही निष्णात असोत, सर्व मिळून प्रत्येक डावात १००० रुपये गमावणारच. अड्डेवाल्याची नाल ती हीच. फक्त अड्डा आता खिशात आला आहे.

बुद्धिबळ स्पर्धेलाही शुल्क असते, हा आक्षेप रास्त आहे. तथापि तेथे शुल्क एकदाच भरावे लागते. हरताच पुन्हा पैसे लावण्याचा मोह रात्रंदिवस समोर नसतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्यानुसार पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, निषिद्ध आहेत. ई-क्रीडास्पर्धांत मात्र केवळ प्रवेशाचे वा व्यवस्थेच्या खर्चाचे शुल्क आणि कामगिरीनुसार बक्षीस यांना मुभा आहे. निषिद्ध खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद व १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्यास शिक्षा नाही. याच राज्यसत्तेने १ ऑक्टोबर २०२३ पासून खेळाडूंनी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लावला होता, हे विसरता कामा नये.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. ‘प्रवेशशुल्क’ या नावाखाली पण लावला जात आहे काय, हे जमाखर्चावरून तपासावे. आणि फसलेल्या तरुणास उपदेशाचे डोस पाजू नयेत. त्याला रोजगाराच्या लढ्यात सामील करून घ्यावे. झटपट पैशाची आशा वाढते ती कामाची आशा संपते तेथे.