नवी गाडी आणि पाण्याची रेघ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कवीने मोटारीच्या इंजिनावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. पण मोटार ही आता केवळ बंगलेवाल्यांची वस्तू राहिलेली नाही. शिक्षक, कारकून, दुकानदार यांच्याही दारात ती हप्त्यांवर येऊन उभी राहिली आहे. ती येते तेव्हा घरात सण असतो. कुणी हार घालते, कुणी चाकाखाली लिंबू ठेवते, आमच्याकडे कुणी 'बिस्मिल्ला' म्हणून किल्ली फिरवते. पेढे वाटले जातात. सीटवरचे प्लॅस्टिक महिनोन् महिने निघत नाही. मात्र त्या गाडीचे बॉनेट उघडून आत डोकावणारा माणूस क्वचितच भेटतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते : 'नव्या गाडीला काय होणार?'

आज मला या उत्तराबद्दलच बोलायचे आहे, आणि निमित्त आहे कूलंटचे. जुने लोक त्याला सरळ 'रेडिएटरचे पाणी' म्हणत.

माझ्या लहानपणी घाटात गाडी 'उकळणे' ही नेहमीची गोष्ट होती. खंबाटकीत किंवा कुंभार्लीत वळणावर एखादा ट्रक बॉनेट उघडून वाफा सोडत उभा असायचा आणि क्लीनर डबा घेऊन झऱ्याकडे पळायचा. त्यामुळे त्या पिढीला पाणी बघायची सवय होती. आजच्या गाड्या सहसा उकळत नाहीत, म्हणून ती सवयही गेली. सवय गेली तरी इंजिन मात्र आतून तितकेच तापते.

ढोबळ मानाने सांगायचे, तर पेट्रोल किंवा डिझेल जळून जी ऊर्जा निघते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा चाके फिरवायला लागतो. साधारण तेवढीच उष्णता धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्यातली बरीचशी कूलंटला उचलावी लागते. आमचे आजोबा भिस्त्यांच्या गोष्टी सांगत. पाठीवर पखाल घेऊन तो विहिरीपासून घरापर्यंत आणि घरापासून विहिरीपर्यंत दिवसभर येरझारा घालायचा. कूलंट हा इंजिनाचा भिस्तीच. फरक इतकाच, की हा गारवा घेऊन आत जातो आणि उष्णता पाठीवर घेऊन बाहेर येतो. वॉटर पंप त्याला ढकलतो, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत वारा त्याला थंड करतो आणि तो पुन्हा आत जातो. इंजिन चालू असेपर्यंत त्याला उसंत नाही.

कूलंट म्हणजे साधारणपणे पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण, बहुतेक वेळा निम्मे-निम्मे. असे मिश्रण उणे ३५ अंशांपर्यंतही गोठत नाही. साताऱ्या-सोलापुरात याचा काय उपयोग, असे कुणी विचारील. उपयोग दोन. एक म्हणजे ते शंभर अंशांना उकळत नाही. त्यातच ही सगळी यंत्रणा बंद आणि दाबाखाली असते, त्यामुळे उत्कलनबिंदू सव्वाशे अंशांच्या आसपास जातो. दुसरे म्हणजे कूलंटमध्ये गंज रोखणारी द्रव्ये असतात. आजच्या इंजिनात ॲल्युमिनियम भरपूर असते. त्याला नुसते पाणी मानवत नाही. बोअरचे जड पाणी तर नाहीच नाही. बंबात जसा पांढरा थर साचतो, तसाच तो रेडिएटरच्या नळ्यांत साचतो.

आता मुद्द्याचे. बॉनेट उघडले, की बहुतेक गाड्यांत एक अर्धपारदर्शक प्लॅस्टिकची टाकी दिसते. तिच्यावर दोन रेघा असतात, खालची 'मिन' आणि वरची 'मॅक्स'. इंजिन थंड असताना कूलंट या दोन रेघांच्या मधे असले पाहिजे. गरम झाल्यावर ते फुगून वर चढते, म्हणून पाहायचे ते सकाळी, गाडी सुरू करण्याआधी आणि सपाट जागेवर.

आणि ही गोष्ट लक्षात ठेवा : पेट्रोल खर्च होते, इंजिन ऑइलही थोडेफार जळू शकते, पण कूलंट खर्च होण्यासाठी नसतेच. तो बंद घराचा रहिवासी आहे. तो कमी झाला, म्हणजे कुठून तरी बाहेर गेला, किंवा त्याने आतली एखादी रिकामी जागा भरली.

नव्या गाडीत ही दुसरी शक्यता खरी असते. कारखान्यात कूलंट भरताना कुठेतरी हवेचे बुडबुडे अडकून राहतात. गाडी काही वेळा गरम-थंड झाली, की ते हळूहळू टाकीकडे सरकतात, त्यांची जागा कूलंट घेते आणि टाकीतली पातळी बोटभर उतरते. यात काळजीचे काही नाही. मात्र ती एकदाच उतरते आणि मग स्थिरावते. पुन्हा पुन्हा उतरू लागली, तर ती हवा नव्हे, गळती आहे.

माझी भाची कऱ्हाडला नोकरी करते. चिपळूण तिचे सासर. तिने गाडी घेऊन जेमतेम चार महिने झाले होते. तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, जन्मभर ट्रक चालवत होते. त्यांनी मुलीला एक शिस्त लावली होती : आठवड्यातून एकदा, गाडी थंड असताना पाणी बघायचे. तशी तिने पाहिली, तर कूलंट 'मिन'च्या खाली. सर्व्हिस सेंटरमध्ये गेली. त्यांनी वरच्या रेघेपर्यंत भरून दिले आणि म्हणाले, "मॅडम, नव्या गाडीत होतं असं." ते बोलणे खोटे नव्हते. तीन आठवड्यांनी पातळी पुन्हा खाली. पुन्हा भरून दिले, पुन्हा तेच वाक्य. या वेळी मात्र ते खरे राहिले नव्हते.

ती भांडली नाही. तिने टाकीवर कागदी चिकटपट्टी लावून पेनाने रेघ मारली, शेजारी तारीख लिहिली आणि एका वहीत किलोमीटर टिपायला सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला मी तिच्याबरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने भरण्यासाठी डबा उचलला, तशी ती म्हणाली, "भाऊ, भरू नका. आधी कुठं जातंय ते शोधा, आणि तक्रार जॉब कार्डवर लिहा." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मामू, पुढच्या आठवड्यात अम्मींना घेऊन घाट उतरायचाय मला." अम्मी म्हणजे तिची सासू. सत्तरी ओलांडलेली, दम्याची बाई. कुंभार्लीच्या वळणावर गाडी बंद पडली असती, तर त्या बाईचे काय झाले असते, हा विचार त्या वहीच्या प्रत्येक नोंदीमागे होता.

मग त्यांनी प्रेशर टेस्ट केली. थंड इंजिनाच्या टाकीवर हातपंप लावून दाब देतात आणि काटा स्थिर राहतो का, ते पाहतात. काटा उतरू लागला. खालच्या होज पाइपच्या तोंडाशी क्लिप किंचित तिरकी बसली होती आणि तिच्याभोवती वाळलेल्या कूलंटची गुलाबी पापडी धरली होती. जमिनीवर डाग कधी पडलाच नव्हता, कारण थेंब गरम धातूवर पडून वाळून जात होता. पाइप आणि क्लिप वॉरंटीत बदलून मिळाली, खर्च शून्य. त्यानंतर चिकटपट्टीवरची रेघ आणि कूलंट एकमेकांना सोडून गेलेले नाहीत.

यातून मला जे वाटते ते असे. वरून भर घालणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. उलट, भर घालत राहिले, की दुखणे झाकले जाते. वॉरंटीचा काळ संपतो आणि मग तेच दुखणे पदराला खार लावून दुरुस्त करावे लागते. पहिल्यांदा भरा, खूण करा, लिहून ठेवा. दुसऱ्यांदा कारण विचारा.

गळतीच्या इतरही वाटा असतात. वॉटर पंप, रेडिएटरचा जोड, टाकीचे झाकण. गाडीत गोडसर वास येऊ लागला, काचेवर चिकट धुके धरले किंवा पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला, तर हीटरची छोटी जाळी गळत असेल. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी आणि गाडी चालवू नये. नुसत्या काट्यावर विसंबू नका. कूलंट फारच कमी झाले, की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खरे सांगेनासा होतो. कित्येक नव्या छोट्या गाड्यांत तर काटाही नसतो, फक्त दिवा असतो. तो लाल झाला, की गाडी सुरक्षित जागी घेऊन इंजिन बंद करायचे. 'पुढचे गाव येऊ दे' असे म्हणायचे नाही. तेवढ्या अंतरात इंजिनाचे हेड वाकू शकते.

आणि झाकण? याबाबत आपल्या घरातल्या बायकांना मेकॅनिकइतकेच कळते. कुकरमधली वाफ जिरल्याशिवाय झाकण काढायचे नसते. इथेही तेच. गरम इंजिनाचे झाकण उघडले, की दाब सुटतो आणि आतले तापलेले पाणी क्षणात उसळून वाफेसह तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास, लागल्यास त्याहून जास्त थांबा. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, धातूला तडा जातो.

भरायचे कूलंट गाडीच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेल्या प्रकारचेच असावे. हिरवा, गुलाबी, निळा हे रंग कंपन्यांच्या मर्जीचे असतात. रंग जुळला म्हणजे जात जुळली, असे नाही. अडचणीत, थंड झालेल्या इंजिनात, साधे पाणी घालून गावापर्यंत येता येते, पण नंतर ते सर्व्हिस सेंटरला सांगावे. आणि उरलेला डबा मुलांच्या, कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नये. ग्लायकॉल चवीला गोड असते, पण ते विष आहे. थोडेसे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

विजेच्या गाड्या आल्या, आता ही कटकट संपली, असे कुणाला वाटत असेल, तर तेही पुरते खरे नाही. त्यांच्यापैकी कित्येकांत बॅटरी थंड ठेवायला कूलंटच फिरते. भिस्ती तोच, घर बदलले.

तेव्हा श्रोतेहो, उद्या सकाळी गाडीला किल्ली लावण्याआधी दोन मिनिटे द्या. बॉनेट उघडा, ती टाकी शोधा, रेघ बघा. पातळी मधे असेल तर बॉनेट लावून खुशाल कामाला जा. नसेल तर एक चिकटपट्टी, एक पेन आणि एक वही, एवढे सामान प्रत्येकाच्या घरात असतेच.