नवा लॅपटॉप घ्यावा का? आमच्या घरातला एक महिना

(मंडळाच्या जुलै २०२५ च्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या सभेनंतर चहा घेताना दोन-तीन काकांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे मार्चमध्ये लॅपटॉप आला ना? कुठला घेतलात? आम्हालाही नातवासाठी घ्यायचाय." उत्तर द्यायला सुरुवात केली, चहा संपला आणि उत्तर अर्धंच राहिलं. कार्यवाह म्हणाले, मग पुढच्या सभेत अर्धा तास घ्या. समोर उभा असलेला माणूस एकच असला तरी बोलणं चौघांचं आहे: आई, आम्ही दोघं नवराबायको आणि मुलगी. खरेदी चौघांनी मिळून केली, त्यामुळे चुकाही चौघांच्या नावावर. त्यातल्या त्यात मोठ्या चुका आमच्या दोघांच्या, ते पुढे येईलच.

आधी एक खुलासा. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे म्हणून वाड्यातले, ऑफिसातले सगळे आम्हाला यातलं कळतं असं समजतात. तो डिप्लोमा पंचवीस वर्षांपूर्वीचा. तेव्हा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत फ्लॉपी आत सरकवताना चप्पल बाहेर काढावी लागायची. तेव्हा जे सांगू ते तज्ज्ञाचं म्हणून ऐकू नका, ठेच लागलेल्याचं म्हणून ऐका.

मुलगी मध्य प्रदेश बोर्डातून एप्रिल २०२४ मध्ये बारावी झाली, वाणिज्य शाखेतून, ८३ टक्के. आपल्या राज्यात बोर्डाच्या परीक्षेत ७५ टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये थेट विद्यार्थ्याच्या खात्यात मिळतात, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. निकाल लागला त्याच संध्याकाळी आम्ही ठरवून टाकलं, की पैसे आले की लॅपटॉप. तोवर घरातला जुना आहेच. पैसे फेब्रुवारी २०२५ मध्ये आले. मधल्या काळात मुलीचं बी.कॉम.चं पहिलं वर्ष जवळजवळ संपत आलं होतं.

घरातला जुना लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम आणि आत फिरणारी हार्ड डिस्क. सुरू व्हायला सहा-सात मिनिटं. आमची आई त्याला 'दमेकरी' म्हणते, कारण पंखा तसाच आवाज करतो. दिवसा तो ऑफिसच्या कामाला, रात्री साडेनऊनंतर मुलीच्या वाट्याला. नोव्हेंबरात एका रात्री अंतर्गत मूल्यमापनाची एक्सेल शीट दुसऱ्या दिवशी द्यायची होती आणि हे यंत्र अडकून बसलं. रात्री दहा वाजता मुलगी आणि तिची आई स्कूटीवरून मैत्रिणीकडे गेल्या, बारा वाजता परत आल्या. तेव्हाही आमच्या तोंडून काय निघालं? "आता थोडेच दिवस. पैसे येतीलच."

पैसे आले आणि दोनच आठवड्यांत, ५ मार्चला, ॲपलनं नवा मॅकबुक एअर जाहीर केला. एम-फोर चिपचा. इथे घरात खरी गंमत सुरू झाली. कारण त्याची किंमत आधीच्यापेक्षा कमी होती. वर्षभरापूर्वी एम-थ्रीचा एअर आला तेव्हा तेरा इंची मॉडेलची किंमत १,१४,९०० पासून सुरू व्हायची आणि त्यात रॅम आठ जीबी. नवा ९९,९०० ला, रॅम सोळा जीबी. विद्यार्थ्यांना ८९,९००. नवी वस्तू जुनीपेक्षा स्वस्त आणि वर दुप्पट रॅम, हे गणित सरकारी नोकराला भुरळ घालणारंच. आम्ही एका कागदावर आकडे मांडले. ८९,९०० वजा २५,०००, म्हणजे ६४,९०० घरातून. दिवाळीनंतर वॉशिंग मशीनसाठी बाजूला ठेवलेले तीस हजार होते. उरलेल्यासाठी आईनं आपली ठेव मोडायची तयारी दाखवली. नातीसाठी आजी काय करत नाही!

तो कागद आठवडाभर फ्रिजवर चिकटलेला होता. रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघं मोबाइलवर तुलना करत बसायचो. रॅम दुप्पट झाली ही गोष्ट खरी तर मार्चची नव्हतीच. कंपनीनं ऑक्टोबर २०२४ मध्येच जुन्या एअरलाही त्याच किमतीत सोळा जीबी द्यायला सुरुवात केली होती. म्हणजे 'नव्या'चं निम्मं श्रेय पाच महिने आधीचं. शिवाय आतली साठवण २५६ जीबीच. ती ५१२ हवी तर २० हजार जास्त, आणि नंतर वाढवता येत नाही. जे घेताना घेतलं तेच शेवटपर्यंत.

सिल्व्हर मॉलला एक शनिवार गेला. जेल रोडला एक. ज्यांनी आरएनटी मार्गावरचा तो मॉल पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथे एका जिन्यात चार दुकानदार हाक मारतात. एकानं ३९ हजारांचा लॅपटॉप पुढे केला. "भिया, एकदम नया माल है, सात हजार सिरीज." खोक्यावर रायझन ५, ७५२०यू. आकडा मोठा, वस्तू चकचकीत. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं, की या आकड्यांची एक रीत आहे. ७००० च्या मालिकेत पहिला अंक २०२३ सालाचा, आणि तिसरा अंक आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२० मधला तिसरा अंक दोन, म्हणजे झेन-टू. ही रचना पहिल्यांदा बाजारात आली २०१९ मध्ये. ७५३० मध्ये तोच अंक तीन, ७५४० मध्ये चार. नवं नाव, आत जुनं इंजिन. शिवाय या चिपबरोबरची रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, आठ घेतली की आठच. दुकानदार खोटं बोलत होता असं नाही, त्यालाही माहीत नसावं. पण काका, नातवासाठी घ्याल तेव्हा खोक्यावरचा चार आकडी नंबर कागदावर उतरवून घरी या. दुकानात उभं राहून हो म्हणू नका.

इंटेलकडेही तोच प्रकार. २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी नावातला 'आय' काढला. 'कोअर ५, १२०यू' हे नाव ऐकून आम्हाला वाटलं काहीतरी निराळंच आलं. प्रत्यक्षात तो आधीच्या 'आय-फाइव्ह १३३५यू'चा सख्खा भाऊ, दहा कोअर त्यालाही आणि यालाही. ज्यात खरोखर बदल होता त्या 'कोअर अल्ट्रा'च्या किमती आम्हाला सत्तर हजारांच्या पुढे दिसल्या.

असं तीन आठवडे चाललं. मुलगी मधूनमधून येऊन कागद बघायची आणि जायची. एका रविवारी आम्ही पुन्हा एअरवर आलो होतो. आई भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "साडी आणायची तर नेसणारीला दुकानात नेतात ना रे? तुम्ही हिला विचारलंत का, की सगळं परस्परच चाललंय?"

आम्ही गप्प. खरंच विचारलं नव्हतं. पैसे तिच्या खात्यात, गुण तिचे, आणि बाजारात दोन्ही शनिवारी गेलो होतो आम्ही दोघं. तिला क्लास होता म्हणून, असं आम्ही स्वतःला सांगितलं होतं.

मग तिला बसवलं. तिनं जे सांगितलं ते आमच्या कागदावर कुठेच नव्हतं. एक, टॅली. कॉलेजात तिला टॅली शिकायचंय, पुढे एखाद्या सी.ए.कडे काम करायचं तर तेच लागणार. टॅली विंडोजवर चालतं, मॅकवर थेट चालत नाही. मॅकवर एक्सेल चालतं, पण त्यातलंही सगळं नाही; तिला शिकायचं असलेलं पॉवर पिव्हट तिथे मिळत नाही. हे तिला जानेवारीपासून माहीत होतं. "मग बोलली का नाहीस?" तर म्हणाली, "बाबा, तुम्ही दोघं इतके खूश होता. आणि आजीनं ठेव काढलेली." दोन, वजन. राजेंद्रनगरहून ती सिटी बसनं जाते, बहुतेक वेळा उभं राहून. दमेकरी २.२ किलोचा, वर चार्जरची वीट, कारण बॅटरी चाळीस मिनिटांत बसते. पहिल्या वर्षात ती त्याला आठवड्यातून दोनदा घेऊन गेली होती. एअर तिला आवडला होता, तो सफरचंदासाठी नाही, १.२४ किलो आहे म्हणून. तिनं ते वजन पाठ केलं होतं. चिपचं नाव तिला आठवत नव्हतं.

त्यानंतर निर्णयाला दोन दिवस लागले. विंडोज, सोळा जीबी रॅम, ५१२ जीबी साठवण, वजन दीड किलोच्या आत, बॅटरी कॉलेजचा दिवस निभावेल इतकी. पिढी कुठली हा प्रश्न यादीत सगळ्यात खाली गेला. तिसऱ्या शनिवारी ती बरोबर आली. दुकानदार आमच्याशी बोलत होता आणि ती दोन लॅपटॉप आळीपाळीनं हातात धरून तोलत होती, भाजीवाल्याकडे पपई तोलतात तसे. शेवटी आय-फाइव्ह १३३५यू असलेला, १.४ किलोचा घेतला. ५४,५०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून. २५ हजार तिचे, बाकी वॉशिंग मशीनचे. आईची ठेव जागेवर आहे. बिल तिच्या नावानं केलं, वॉरंटीही तिच्या नावानं.

सगळं छान झालं असं सांगायला आलेलो नाही. पडदा एअरचा खूपच चांगला होता, हे तीही म्हणते. आमचा उन्हात फिका दिसतो. आवाज पत्र्यासारखा. शेजारचा मुलगा व्हिडिओ संकलनाचं काम करतो, त्यानं एप्रिलमध्ये एम-फोरचा एअर घेतला आणि त्याला तो अगदी योग्य आहे. त्याचं काम निम्म्या वेळात होतं. तेव्हा आमची निवड सगळ्यांनी उचलावी असं अजिबात नाही.

खरं दुखतं ते दुसरंच. नवा आल्यावर आम्ही दमेकऱ्याकडे वळलो. २,९०० ची ५०० जीबीची एसएसडी आणि १,७०० ची आठ जीबी रॅम, दोन्ही स्क्रूड्रायव्हरनं घरीच बसवलं. पंचवीस वर्षांपूर्वीच्या डिप्लोम्याचा एवढा उपयोग झाला. आता तो तीस सेकंदांत उघडतो. एकूण खर्च ४,६००. हे आम्ही मे २०२४ मध्ये केलं असतं, तर मुलीचं अख्खं पहिलं वर्ष सुटलं असतं. वेगळे पैसे लागत नव्हते, कुणाची परवानगी लागत नव्हती. आम्ही नव्याची वाट पाहत होतो म्हणून जुन्याकडे कुणी पाहिलंच नाही. तिनं त्याबद्दल एकदाही तक्रार केली नाही, हे जास्त टोचतं.

आता आपल्यापैकी ज्यांच्याकडे २०१७-१८ चे लॅपटॉप आहेत त्यांच्या कामाचं. विंडोज १० साठी सुरक्षिततेच्या नेहमीच्या दुरुस्त्यांची शेवटची तारीख १४ ऑक्टोबर २०२५. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते आणि टीपीएम २.० ही सोय लागते. आमचा दमेकरी सातव्या पिढीचा, तो नापास. पण म्हणून भंगारात टाकायची घाई नको. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं सांगितलं, की घरगुती वापरासाठी आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, या दुरुस्त्या मिळवता येतील. संगणकाच्या सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्या खात्यावर ठेवायला तयार असाल तर त्यासाठी पैसे लागत नाहीत. त्यासाठी एक खातं उघडावं लागतं, एवढंच. दुकानात कुणी "ये तो अक्टूबर में बंद हो जाएगा" असं म्हणून नवा गळ्यात घालू लागला, तर हे लक्षात ठेवा. लॅपटॉप बंद पडणार नाही. दुरुस्त्या येणं थांबेल. बँकेचे व्यवहार करत असाल तर मात्र ती नोंदणी कराच.

दमेकरी आता आईच्या ताब्यात आहे. ती त्यावर कीर्तनं ऐकते आणि अक्षर मोठं करून मराठी वर्तमानपत्र वाचते. पंख्याचा आवाज अजून येतो.

येत्या दोन रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही बापलेक मंडळाच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना आपला जुना लॅपटॉप दाखवायचाय त्यांनी घेऊन यावं. कुठली पिढी आहे, रॅम वाढते का, एसएसडी बसेल का, एवढं पाहून सांगू. तपासणी मुलगी करेल, स्क्रू फिरवायचं काम आमचं. चार्जर बरोबर आणा, आणि ज्याच्यासाठी नवा घ्यायचाय त्या नातवालाही.