हरवलेला माणूस कोणाचा?

(पोशेरा, ता. मोखाडा येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी स्थलांतराच्या प्रश्नावर बोलावे असे ठरले होते. त्यासाठी टिपणेही काढून आणली होती. परंतु सकाळी एस.टी.तून उतरल्यावर रस्त्यालगतच्या टपरीवर चहासाठी अर्धा तास बसलो आणि ती टिपणे पिशवीतच राहिली. तेथे जवळच्या एका पाड्यावरील माणसाविषयी बोलणे चालले होते. दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर गेला. शिमग्याला परतला नाही, पुढच्या पावसाळ्यातही परतला नाही. या गोष्टीला आता दुसरे वर्ष लागले आहे. तो कोठे असावा, याची चर्चा टपरीवर मोठ्या हिरिरीने चालली होती.

एकाच्या मते त्याने भट्टीवरच दुसरा संसार थाटला आहे. दुसऱ्याने त्याला वापीकडे एका कारखान्याच्या फाटकाशी पाहिलेले होते; म्हणजे पाहणाऱ्या माणसाशी तो बोलला होता. तिसरा खाडीत बुडाल्याचे सांगत होता. चौथ्याने आवाज खाली आणून मुकादमाचे नाव घेतले. कोणा भगताने तो मावळतीकडे जिवंत असल्याचे सांगितल्याचेही निघाले. अर्ध्या तासात पाच सिद्धांत मांडले गेले आणि प्रत्येकाला पुरावा होता! मी एवढेच विचारले की, भट्टी कोणत्या गावची? कोणाला ठाऊक नव्हते. पोलिसांत खबर दिली का? तेही ठाऊक नव्हते. त्याच्या बायकोने काय सांगितले? यावर मंडळी गप्प झाली. तिला कोणी विचारलेच नव्हते.

टपरीवरच्या माणसांना हसण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही त्याच्याविषयी तर्क लढवणे ही फार जुनी मानवी खोड आहे आणि आपल्या महाराष्ट्राने तर ती राज्यकारभाराच्या पातळीवर अनुभवली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवराव भाऊ गर्दीत दिसेनासे झाले. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताने त्यांच्या शोधाची हकीकत लिहून ठेवली आहे. प्रेतांच्या राशीतून एक शिर नसलेले धड मिळाले. मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, पाठीवर कट्यारीच्या जुन्या जखमेचा व्रण, पायावर शुभरेषा आणि रोजच्या सूर्यनमस्कारांचे घट्टे, अशा खुणांवरून ते भाऊंचे ठरवण्यात आले. आजच्या पंचनाम्याला शोभेल असे हे काम आहे. अंगावरच्या खुणा, त्या ठाऊक असणारी माणसे आणि जागच्या जागी झालेली पाहणी, हे सारे त्यात आहे.

तरीही पुण्यात तो निकाल मनापासून कोणी मानला नाही. पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. त्या १७८३ पर्यंत जगल्या, म्हणजे बावीस वर्षे त्यांनी त्या भरवशावर काढली. आणि भरवसा असेल तेथे तोतया येतोच. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून पुढे आला. माधवराव पेशव्यांच्या कारकीर्दीत चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि किल्ल्यात अडकला. पुढे १७७६ मध्ये रत्नागिरीला ज्याच्या ताब्यात तो होता, त्या रामचंद्र नाईक परांजप्यानेच त्याला बाहेर काढून उभे केले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले आणि फौज जमून घाटापर्यंत येऊन भिडली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, आंग्र्यांनी त्याला पकडून दिले आणि पुण्यात पुन्हा पंचांपुढे चौकशी होऊन वर्षअखेर त्याला देहान्त शासन झाले.

एकदा खोटा ठरलेल्या माणसामागे हजारो लोक का गेले असतील? इतिहासकार कारभाऱ्यांमधील वैर सांगतात, ते खरेच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला होता, गादीवर तान्हे मूल होते, आणि रयतेला आपल्याला विचारणारा कोणी धनी हवा होता. लोक भाऊंना शोधत नव्हते. आपल्या दैन्याला उत्तर शोधत होते. हरवलेल्या माणसाच्या जागी आपण आपल्याला हवी असलेली गोष्ट बसवतो. टपरीवरच्या पाच सिद्धांतांतही तेच आहे. ज्याला मुकादमाची चीड आहे तो मुकादमाचे नाव घेतो आणि ज्याला स्वतः येथून निसटावेसे वाटते त्याला तो वापीला दिसतो.

पानिपतानंतर दक्षिणेकडे एक सांकेतिक पत्र आल्याचे सांगतात. गळालेली मोत्ये दोन, हरवलेल्या मोहरा सत्तावीस असा त्यात हिशेब आहे. रुपये आणि खुर्दा किती गेला, त्याची मात्र गणती नाही. शाळेत आपण सर्वांनी हे वाचले आहे आणि त्यातील करुणेने आपला गळा दाटून आला आहे. परंतु त्या खुर्द्यात कोण होते? बारगीर, शिलेदार, पखालजी, बाजारबुणगे आणि त्यांच्याबरोबर गेलेली बायकामुले. त्यांच्या नावाने एकही तोतया आला नाही. खुर्द्याचा तोतया होऊन मिळणार काय?

हा नियम पुढेही चालू राहिला. १८५७ नंतर नानासाहेब पेशवे नेपाळच्या तराईत नाहीसे झाले. त्यांच्यावर इंग्रजांनी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते, त्यामुळे देशभर नाना सापडू लागले. १८७४ मध्ये जयाजीराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला एकाला पकडून दिले. कानपुरास नेऊन ओळख पटवू पाहिली तेव्हा तो नाना नव्हे असे ठरले. स्वातंत्र्यानंतर नेताजींच्या शोधासाठी केंद्र सरकारने १९५६ मध्ये शाहनवाझ समिती, १९७० मध्ये खोसला आयोग आणि १९९९ मध्ये मुखर्जी आयोग नेमला. पहिल्या दोघांनी विमान अपघात मान्य केला, तिसऱ्याने तो नाकारला, आणि सरकारने तिसऱ्याला नाकारले. नेताजींसारख्या पुरुषाविषयी देशाने हे करावे यात गैर काही नाही. मी फक्त मोती आणि खुर्दा यांतले अंतर दाखवतो आहे. एकासाठी तीन चौकश्या होतात आणि दुसऱ्यासाठी ‘मनुष्य मिसिंग’च्या नोंदवहीत एक ओळ लिहून घेण्यासाठी बाईने किती खेटे घालायचे, हे तुम्हांला ठाऊक आहे.

या विषयाची काळी बाजू आपल्या जिल्ह्यात तरी झाकून ठेवता येणार नाही. हौशी शोधकाच्या हाती काठी आली की काय होते, ते आपण दोनदा पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवड्याच्या बाजारात पाच माणसांना मुले पळवणारे समजून ठेचून मारण्यात आले. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षेकरी, म्हणजे आपल्यासारखेच पोटासाठी गाव सोडून फिरणारे. १६ एप्रिल २०२० च्या रात्री आपल्याच जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांना चोर समजून जमावाने मारले. ते अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. पोलीस समोर असताना हे घडले. नंतर शंभरावर माणसांना अटक झाली आणि धर्माचे राजकारण करणाऱ्यांनी त्या प्रेतांवर आपल्या पोळ्या भाजून घेतल्या.

या दोन्ही प्रसंगी आधी कोणाचे मूल हरवले होते काय? नव्हते. हातातल्या फोनवर एक चित्र, एक आवाज आला, आणि भीतीने स्वतःच तपास करून स्वतःच निकाल दिला. ‘आदिवासी भोळे असतात, अफवांना बळी पडतात’ असे म्हणून शहरातील सुशिक्षित मोकळे झाले. ते मला मान्य नाही. त्याच फोनवरच्या त्याच अफवा शहरांतही पसरतात. परंतु ‘आम्ही तर दुबळे, आमचा काय दोष’ हेही मला मान्य नाही. ज्या माणसाकडे पोलीस ढुंकून पाहत नाहीत, तो स्वतःच्या हाताने न्याय करायला निघतो आणि त्याच्याहून दुबळा जो परका वाटसरू असतो, त्याचा जीव घेतो. कार्यकर्त्याने हे गावात तोंडावर सांगितले पाहिजे, मग मते गेली तरी चालतील.

मग हौशी माणसाने शोध घेऊच नये काय? घ्यावा, पण कसा, ते अर्जेंटिनातल्या बायकांकडून शिकावे. १९७६ ते १९८३ या लष्करी राजवटीत तेथे हजारो तरुण कार्यकर्ते नाहीसे केले गेले. गरोदर स्त्रियांना कोठडीत बाळंत करवून मुले परक्यांना वाटली गेली. ३० एप्रिल १९७७ पासून काही आया राजधानीतील चौकात येऊन फेऱ्या मारू लागल्या. त्यांतल्या आज्यांनी नातवंडांचा माग काढायला घेतला. त्या काही पोलीस नव्हत्या, घर चालवणाऱ्या बायका होत्या. मिळेल ती बातमी त्यांनी लिहून ठेवली, संशयित घरांवर नजर ठेवली, जन्मनोंदी तपासल्या. मुलाचे आईबाप हयात नसतील तर आजीच्या रक्तावरून नाते सिद्ध करता येईल काय, हा प्रश्न घेऊन त्या परदेशी शास्त्रज्ञांकडे गेल्या आणि त्यातून नवी चाचणी निघाली. १९८७ मध्ये त्यासाठी राष्ट्रीय आनुवंशिक नोंदसंग्रहाचा कायदा झाला. आजवर १३० हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे. त्यांनी कोणाच्या दारात जाऊन दगड मारला नाही, आणि टपरीवर बसून तर्कही केला नाही. आज्यांनी वही ठेवली.

आता आपल्या वहीत काय असावे? दिवाळीनंतर येथली घरे भिवंडी, वसई, कल्याणच्या भट्ट्यांकडे निघतात. उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत हलता येत नाही. १९७६ च्या कायद्याप्रमाणे ही वेठबिगारी आहे आणि तिची दखल घेण्यासाठी जिल्ह्याला व उपविभागाला दक्षता समिती असली पाहिजे. राज्याबाहेर मजूर नेणाऱ्या ठेकेदाराने परवाना घ्यावा, प्रत्येकाला छायाचित्रासह पासबुक द्यावे, मजूर अपघातात मेला किंवा जबर जखमी झाला तर दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना आणि घरच्यांना कळवावे, असे बंधन १९७९ च्या कायद्याने घातले होते. २०२० च्या श्रमसंहितेने तो कायदा पोटात घेतला. पण मोखाड्याचा माणूस भिवंडीला जातो तेव्हा राज्याची सीमा ओलांडत नाही. म्हणून त्या पासबुकाचा हक्क त्याला कधी नव्हताच. परप्रांतात मेला तर निदान कागदावर दखल होती. स्वतःच्या महाराष्ट्रात हरवला तर तीही नाही!

लहान मुलांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी स्पष्ट सांगितले आहे की, मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरणाचा किंवा विक्रीचा गुन्हा गृहीत धरून तो नोंदवायचा. मोठ्या माणसाला हे संरक्षण नाही. तो ‘आपल्या मर्जीने गेला असेल’. त्याच्या बायकोची गत तर पाहा. सात वर्षे खबर लागली नाही तर माणूस मेला असे कायदा धरतो. तो नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता आणि २०२३ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. तोवर मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून विधवेची मदत नाही, जमिनीच्या तुकड्यावर वारसनोंद नाही. पार्वतीबाईंनी कुंकू पुसले नाही ते स्वतःच्या निश्चयाने, आणि त्यांच्यामागे पेशव्यांचे घर उभे होते. या बाईने पुसायचे की नाही, हे तहसील कचेरी सात वर्षांनी सांगणार.

मी दुपारी तिच्याकडे जाऊन आलो. आपल्यातले दोघे बरोबर होते. ती आधी बोलेना. टपरीवरचे सगळे तिच्या कानावर आलेले होते, आणि पहिला सिद्धांत तिला फार लागला होता. मग हळूहळू बोलली. तिला भट्टीचे गाव ठाऊक नाही, पण भट्टीजवळून रेल्वे जाते हे नवऱ्याने सांगितलेले तिला आठवते. शेवटचा निरोप आला तेव्हा नागलीची मळणी होऊन गेली होती. त्याच्या डाव्या हाताचे एक बोट लहानपणी कोयत्याने तुटलेले आहे. काशीराज पंडिताने लिहिलेल्या खुणांहून ही खूण कमी प्रतीची नाही. हे सारे दोन वर्षे तिच्याजवळ होते.

येत्या सोमवारी दोघांनी तिला घेऊन पोलीस ठाण्यात जायचे, नोंद घेतल्याशिवाय उठायचे नाही, आणि नोंदीची प्रत मागून घ्यायची. बाकीच्या दोघांनी भिवंडीकडील ठाण्यांत त्या हंगामातील अकस्मात मृत्यूच्या नोंदी आणि बेवारस प्रेतांचे पंचनामे पाहू देण्याचा लेखी अर्ज करायचा. सरकारी रुग्णालयांतही विचारायचे. तुटलेल्या बोटाचा उल्लेख प्रत्येक अर्जात हवा. खाडीत सापडलेला असो की वापीच्या फाटकाशी उभा असो, जो निघेल तो निघेल. आपण आधी ठरवून जायचे नाही.

त्याचे छायाचित्र घरात नाही. उचल घेताना त्याने मुकादमाच्या वहीत अंगठा उठवला होता, एवढे तिने पाहिले आहे. मुकादम याच तालुक्यात राहतो. त्याच्याकडे ती वही मागायला कोण जाणार, हे आता, या बैठकीतच ठरवू या.